आठ दिवसांत पाच नद्या कशाला? कयाकिंगच्या सहली काढणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

फेसाळत्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने हाकायची छोटी नाव, चालवायला लोकांना घेऊन जाणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. कुणा एकाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण जे मांडायचं आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं. तुमची माहितीपत्रकं मी आवडीने वाचते, तुमच्या सहलींना येते, पुढेही येणार आहे. वल्हं कसं धरायचं इथपासून पाणी कसं वाचायचं इथपर्यंत मला जे काही येतं ते तुमच्याच प्रशिक्षकांनी शिकवलं. तेव्हा बाहेरचं कुणीतरी उगाच बोट दाखवतंय, असं समजू नका.

तुमच्या पत्रकांत दोन गोष्टी हमखास असतात. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की सहल पर्यावरणस्नेही आहे: इंजिन नाही, धूर नाही, गोंगाट नाही. आतल्या पानावर कार्यक्रम असतो: आठ दिवसांत पाच नद्या. कुणी सहा देतं, कुणी सात. जितक्या जास्त नद्या तितकी सहल भारी, असा एकूण हिशोब. या दोन पानांचं एकमेकांशी जमत नाही. कयाकिंगमुळे नदीला जो उपद्रव होतो त्यातला फार थोडा नावेमुळे होतो. बाकीचा आपण सारख्या नद्या बदलतो म्हणून होतो. माझं मागणं म्हणून एवढंच आहे: एका सहलीत एकच नदी ठेवा, फार तर एकच खोरं. दिवस हवे तेवढे ठेवा, नद्या कमी करा.

नावेची बाजू आधी घेते, कारण ती घेण्यासारखी आहे. व्हाइट वॉटर (म्हणजे फेसाळत्या पाण्यातली) कयाक म्हणजे सुमारे 20 किलोचं पॉलिएथिलीनचं कवच. त्याला इंधन लागत नाही, त्यातून तेल गळत नाही, त्याच्यामागे काठ कापणारी लाट उठत नाही, आणि तरंगायला वीतभर पाणी पुरतं. नदीत काही बांधावं लागत नाही, काही फोडावं लागत नाही. नदीकडून इतकं कमी मागणारा दुसरा प्रवास मला तरी माहीत नाही. हंगाम संपताना दगडांवर नावांच्या बुडांचे लाल-पिवळे-हिरवे ओरखडे दिसतात, तेवढं सोडलं तर. तो रंग म्हणजे तासलं गेलेलं प्लॅस्टिक. पाणी उतरलेलं असताना नावा दामटल्या की ते वाढतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सामानाचंही थोडं खटकतं. ड्राय सूटवरून, म्हणजे आत पाणी न शिरू देणाऱ्या पोशाखावरून, पाणी ओघळून जावं म्हणून जे लेपन देतात, ते वर्षानुवर्षं निसर्गात न विघटणाऱ्या ‘पीफास’ जातीच्या रसायनांचं होतं. पण इथे उपाय सोपा आहे. सामान भाड्याने द्या, दुरुस्त करत राहा, दर हंगामात नवा ताफा मिरवू नका. लिनिअर पॉलिएथिलीनची नाव तडकली तर गरम हवेने आणि त्याच प्लॅस्टिकच्या कांडीने सांधता येते, अगदीच कामातून गेली तर वितळवता येते. क्रॉसलिंक्ड प्लॅस्टिकची नाव चिवट खरी, पण ती पुन्हा वितळत नाही. खरेदी करताना एवढं विचारलंत तरी पुरे. यावर आणखी शाई खर्च करत नाही.

खरा खर्च आहे तो नावेखालच्या चाकांचा. कयाक फक्त खाली जाते. उतरलो तिथून बाहेर पडायच्या जागेपर्यंत पाणी नेतं, परत वर मात्र गाडीच नेते. नदीवरच्या प्रत्येक फेरीला रस्त्यावरची एक शटल बांधलेली असते, आणि बरेचदा गाड्या दोन लागतात: एक वर, एक खाली. ही एका नदीची गोष्ट झाली. नदी बदलायची म्हटली की सगळा लवाजमा टपावर नावांची चवड घेऊन एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात निघतो. डोंगराळ भागात शेजारशेजारच्या दोन नद्या नकाशावर बोटभर अंतरावर दिसतात आणि मध्ये खिंड असल्यामुळे रस्ता अर्धा दिवस खातो. टपावर नावा बांधलेली गाडी वारा अडवते, म्हणून इंधनही जास्त पिते. अशा एका सहलीत आम्ही पाण्यापेक्षा गाडीत जास्त वेळ होतो. एका नदीवर तर जेमतेम एक छोटा टप्पा झाला, फोटो झाले, आणि ‘ही पण झाली’ म्हणून पुढे निघालो. त्या नदीचं पाणी हिरवट होतं, एवढंच आज मला सांगता येईल.

विमानाचं तर विचारूच नका. दुसऱ्या खंडावर जाऊन परत येण्याच्या लांब पल्ल्याच्या प्रवासात माणशी टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यापुढे नावेला इंजिन नसण्याची बचत म्हणजे चिल्लर. सायकलला जोडलेल्या छोट्या गाड्यावरून कयाक नेणारे आणि शटलही सायकलनेच करणारे लोक मी पाहिले आहेत. सगळ्यांना ते जमणार नाही, मलाही जमत नाही. पण इतक्या लांब जायचंच असेल तर तिथे पोचल्यावर एका ठिकाणी टिकून राहणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. आणि कृपा करून ‘दर पाहुण्यामागे एक झाड’ हे पत्रकातून काढा. झाडं जरूर लावा, पण ती त्या आठवड्याच्या धुराच्या खात्यात जमा दाखवू नका. झाडाला त्यासाठी काही दशकं लागतात, तीही ते जगलं तर.

आता ज्याबद्दल कुणीच फारसं बोलत नाही त्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे ओलं सामान.

दिवसभराची फेरी संपल्यावर नाव आडवी करून पाणी काढून टाका आणि मग सीट सैल करून बघा. सीटखालच्या फोमच्या फटीत चमचाभर रेती निघते, शेवाळाचा धागा निघतो, कुजलेल्या पानाचा तुकडा, कधी तांदळाएवढी गोगलगाय. पुढच्या फोमच्या खांबामागे स्पंज पोचत नाही, तिथे घोटभर पाणी राहतंच. नावेचं तोंड झाकणाऱ्या स्प्रे स्कर्टची शिवण, बुटांचे तळवे, लाइफ जॅकेटचे खिसे यांत कुठेतरी ओल असते. पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या थ्रो बॅगमधली दोरी तर बाहेरून पिशवी कोरडी लागली तरी आत कित्येक दिवस दमट राहते. हे सगळं आपण संध्याकाळी गाडीत कोंबतो आणि सकाळी दुसऱ्या नदीत नेऊन खळबळतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या वायाऊ नदीत 2004 साली डिडिमो हे शैवाल सापडलं. जीव एकपेशीय, डोळ्यांना न दिसणारा. पण एकदा पसरला की दगडांवर ओल्या लोकरीसारखी तपकिरी गादी चढते आणि तळाशी राहणाऱ्या किड्यांचं सगळं जग बदलून जातं. पाण्याचा एक थेंब त्याला दुसऱ्या नदीत न्यायला पुरतो. तेव्हापासून तिथे नदीवर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात: तपासा, धुवा, वाळवा. वाळवा म्हणजे किती, तर हाताला कोरडं लागल्यानंतर आणखी 48 तास. उत्तर बेट इतकी वर्षं त्यापासून वाचलं आहे, त्यात या कटकटीचा वाटा मोठा आहे.

नॉर्वेची गोष्ट याहून कडू आहे. गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस नावाचा सालमनच्या अंगावर जगणारा सूक्ष्म परजीवी तिथे 1970च्या दशकात मत्स्यसंवर्धनाच्या माशांबरोबर आला. कयाकने आणला नाही, ते श्रेय आपलं नाही. पण एकदा नदीत शिरल्यावर त्याला घालवायला रोटेनोन हे विष सोडून नदीतले सगळेच्या सगळे मासे मारावे लागले, एका नदीत नव्हे, अनेक नद्यांत. हा परजीवी दमट सामानात काही काळ तग धरतो, म्हणून आता ओली नाव आणि ओले बूट घेऊन दुसऱ्या पाण्यात उतरू नका असं तिथे बजावतात.

यात कयाकवाल्यांची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त का, तर आपण जिथे उतरतो तिथे दुसरं कुणी उतरत नाही. उंच धबधबा हा माशांसाठी आणि त्यांच्या रोगांसाठी भिंत असतो. खालचं वर चढत नाही. आपण मात्र खालच्या नदीतून निघालेली ओली नाव खांद्यावर घेऊन धबधब्याच्या वर चढतो आणि तिथल्या स्वच्छ पाण्यात ठेवतो. एकाच नदीवर राहिलात तरी हे लक्षात ठेवावं लागतं: आधी वरचे टप्पे, मग खालचे. पण तेवढं एक पथ्य पाळणं सोपं आहे. आठ दिवसांत पाच नद्या करताना प्रत्येक वेळी 48 तास कुठून आणणार? पत्रकातला कार्यक्रम समोर ठेवून मी मोजून पाहिलं. बसत नाही. नावांचे दोन-तीन ताफे ठेवून अदलाबदल करता असं कुणी म्हणेल, पण पाहुण्यांचे बूट तेच असतात.

प्रत्येक नदीची रीत वेगळी असते आणि ती कळायला वेळ लागतो, हे मागणीमागचं दुसरं कारण. जेवायला थांबायला आपल्याला नदीमधलं गोट्यांचं बेट फार आवडतं: सपाट, उन्हातलं, चहूबाजूंनी पाणी. गळ्यात काळी पट्टी असलेल्या छोट्या प्लव्हर पक्ष्यालाही तेच आवडतं. त्याचं घरटं म्हणजे गोट्यांतला नुसता खळगा आणि त्यातली अंडी हुबेहूब गोट्यांच्या रंगाची. माणसं उतरली की पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत दूर पळू लागतो. आपण त्याच्या मागे कॅमेरा घेऊन जातो आणि इतरांचे पाय अंड्यांच्या आसपास फिरत राहतात. पक्ष्याला हवं असतं ते एवढंच की आपण घरट्यापासून लांब जावं. माहीत नसलेल्या माणसाला ते नाटक फार गोड वाटतं.

माशांचंही तसंच. ट्राउट आणि सालमनची मादी शेपटीने गोटे उकरून त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा गोटे लोटते. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा तेवढा भाग उजळ दिसतो, दाखवल्यावर लगेच ओळखू येतो. पाणी खोल असेल तर वरून गेलेल्या कयाकचं त्याला काही नाही. पाणी उतरलं की नावेचं बूड आणि नाव ओढणाऱ्याचे पाय थेट त्यावर येतात. जर्मनीत काही नद्यांवर पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की नावा बंद करतात, ते यासाठीच. स्लोव्हेनियातल्या सोचा नदीवर परवाना लागतो, ठरवून दिलेल्या जागांवरूनच पाण्यात उतरायचं आणि तिथेच बाहेर पडायचं. हे नियम कुणी खेळावर राग धरून केलेले नाहीत. ज्यांना त्या नदीचा कोपरा न् कोपरा माहीत आहे त्यांनी केले आहेत.

आणि हे नियम एकमेकांच्या उलटही असतात, म्हणून तर ते घाईत शिकता येत नाहीत. ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवरून खाली जाणाऱ्या प्रत्येक गटाला शौचाचा डबा बरोबर न्यावा लागतो आणि सगळी विष्ठा शेवटपर्यंत वाहून बाहेर काढावी लागते. लघवी मात्र नदीतच करायची. तिथला काठ वाळवंटी आहे, वाळूत ती मुरून जात नाही, मुक्कामाच्या जागा वास मारू लागतात, आणि नदी इतकी मोठी की तिला फरक पडत नाही. छोट्या डोंगरी नदीवर नेमकं उलटं सांगतात: जे काही करायचं ते पाण्यापासून 60 मीटर तरी लांब. पाच नद्यांवर पाच तऱ्हा असतील तर बिचारा नवखा पाहुणा काय करणार? तो काठावरच्या झुडपामागे जाणार, आणि कागद तिथेच राहणार. मी ती झुडपं पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली आहेत. (ग्रँड कॅन्यनमध्ये खासगी गटात 16 पेक्षा जास्त माणसं नेता येत नाहीत, हेही जाता जाता सांगते. तुमच्यापैकी काहींचे गट त्याहून मोठे असतात.)

‘पण गिऱ्हाइकाला वैविध्य हवं असतं’ हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. मला ते पटत नाही, कारण वैविध्य कुठे असतं हे तुम्हीच मला दाखवलंत. एकच दगड घ्या. पाणी कमी असतं तेव्हा तो वर डोकं काढून असतो आणि त्याच्या मागे एडी तयार होते, शांत पाण्याचा खिसा, जिथे नाव वळवून दम खाता येतो. पाणी चढलं की तेच पाणी दगडावरून पडू लागतं आणि मागे होल तयार होतं, नावेला धरून घुसळणारं. आणखी चढलं की दगड पार बुडतो आणि तिथे नुसती गुळगुळीत हिरवी लाट उरते, जिच्यावर लोक सर्फ करतात. पहिल्या दिवशी थांबायची जागा, चौथ्या दिवशी चुकवायची जागा, सहाव्या दिवशी खेळायची जागा. नदी तीच, टप्पा तोच. आठ दिवसांत पाच नद्या करणाऱ्याला यातलं एकच रूप दिसतं, आणि तिथून जाताना बरोबरचा कुणीतरी ‘डावीकडून, डावीकडून’ असं ओरडत असतो.

शिकण्याच्या दृष्टीनेही बघा. नाव प्रवाहाविरुद्ध तिरकी धरून (याला ‘फेरी’ म्हणतात) प्रवाह ओलांडणं, एडीत शिरणं, एडीतून बाहेर पडताना योग्य बाजूला कलणं, उलटल्यावर रोल मारणं, म्हणजे नावेत बसूनच पुन्हा सरळ होणं, हे सगळं ओळखीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. अनोळखी नदीवर नवखा माणूस फक्त पुढच्याच्या मागे मागे जातो. कठीणपणाच्या श्रेणी एक ते सहा अशा चढत्या असतात. एका नदीवर दोन आणि तीनमध्ये मनसोक्त खेळलेला माणूस माझ्या मते पाच नद्यांवर ओढत नेलेल्यापेक्षा जास्त आनंदात घरी जातो, आणि जिवाचा धोकाही कमी पत्करतो. वेळापत्रक मोडेल म्हणून चढलेल्या पाण्यात माणसं उतरवली जातात, असे प्रसंग या खेळातल्या कुणालाही नवे नाहीत.

आता मला ज्याची सर्वांत जास्त काळजी वाटते ते. नदीला खरा धोका आपल्या नावांचा नाहीच, धरणांचा आहे. आणि धरण येतं तेव्हा नदीसाठी उभं राहायला त्या नदीची माणसं लागतात. चिलीतली बिओबिओ एकेकाळी जगातल्या नामांकित व्हाइट वॉटर नद्यांपैकी एक होती. 1996 मध्ये पांगे आणि 2004 मध्ये राल्को ही धरणं उभी राहिली, आणि तिचे ते रॅपिड, म्हणजे खळाळते टप्पे, जलाशयाखाली गेले. युगांडात जिंजाजवळच्या पांढऱ्या नाईलवर 2012 मध्ये बुजागालीचा प्रकल्प झाला. त्याच्या बदल्यात खालचा कलागालाचा पट्टा राखून ठेवायचं ठरलं होतं. 2019 मध्ये इसिम्बाचं धरण सुरू झालं आणि त्याचं पाणी त्या राखीव पट्ट्यातल्याही काही भागावर चढलं. जगभरचे कयाकर ज्या लाटेवर खेळायला जात, ती लाट गेली. त्यांपैकी बहुतेकांनी दुसरी नदी शोधली. नदी बदलणं आपल्याला सोपं असतं. काठावरच्यांना ते जमत नाही.

चिलीतच फुतालेउफूवर मात्र वेगळं घडलं. तिथे स्थानिकांबरोबर कयाक आणि राफ्टवाले वर्षानुवर्षं टिकून राहिले, काही तर तिथलेच झाले. 2016 मध्ये वीज कंपनीने त्या नदीवरचे आपले पाण्याचे हक्क सोडून दिले. अल्बेनियातली व्योसा नदी घ्या. तिच्यासाठी गावकरी, शास्त्रज्ञ, संस्था असे कितीतरी लोक लढले. 2016 पासून बाल्कनमधल्या नद्यांवरून मोहिमा काढून धरणांचा प्रश्न जगापुढे मांडणारे कयाकरही त्यात होते. मार्च 2023 मध्ये व्योसा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. ही विजयाची श्रेयावली म्हणून सांगत नाही. दोन्ही ठिकाणी कयाकवाले पाहुण्यांसारखे आले आणि निघून गेले नाहीत, म्हणून सांगते.

ओरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीचं उदाहरण तर मला तुमच्या प्रत्येक प्रशिक्षकाला सांगावंसं वाटतं. तिच्यावरची चार धरणं 2024 पर्यंत पाडून झाली. धरणं पडायच्या आधीच खोऱ्यातल्या आदिवासी समाजांतल्या मुलामुलींना कयाक शिकवायला सुरुवात झाली होती, ‘रिओस टू रिव्हर्स’ या संस्थेच्या उपक्रमातून. 2025च्या उन्हाळ्यात ती मुलं उगमाकडून समुद्रापर्यंत सुमारे 500 किलोमीटर स्वतः वल्हवत गेली. बाहेरून आलेल्या निष्णात कयाकरला वाट काढून देणारे हात आता त्याच नदीवर तयार झाले आहेत. तुमच्याकडे काठावरची मुलं काय करतात? बहुतेक ठिकाणी नावा टपावर चढवतात. त्यांच्यातल्या किती जणांना तुम्ही रोल शिकवलात, मार्गदर्शक केलंत, हे पत्रकात वाचायला मला आवडेल.

पाणी सोडण्याबद्दलही एक सांगायचं आहे. धरणाखालच्या अनेक टप्प्यांवर आपण सोडलेल्या पाण्यावरच खेळतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर शरद ऋतूत ठरलेल्या दिवशी व्हाइट वॉटरसाठी पाणी सोडतात, 1986 पासून ते कायद्यानेच ठरलेलं आहे. पण गिऱ्हाइकांच्या सोयीने पाणी कधीही वर-खाली करा म्हणून धरणवाल्यांच्या मागे लागू नका. कितीतरी जलकीटक पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या दगडावर अंडी घालतात. रोज पाणी चढलं-उतरलं की ती उघडी पडून वाळतात, आणि मग माशांना खायला उरत नाही. म्हणून कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून 2018च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पाणी मुद्दाम कमी आणि स्थिर ठेवून पाहिलं गेलं. म्हणजे ऐन सुट्टीच्या दिवशी पाणी कमी! असं कुठे झालं तर पाहुण्यांची कुरकुर ऐकून धरणाच्या कार्यालयात फोन लावण्याऐवजी त्यांना दगडाखालची किड्यांची अळी दाखवा. मी पाहिली आहे. रेतीचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी कॅडिसफ्लायची अळी हातावर घेतली की अर्धा तास कसा जातो कळत नाही.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. पावसावर चालणारी नदी दोन दिवसांत आटते, मग आलेल्या लोकांना काय दाखवायचं? म्हणूनच मी ‘फार तर एकच खोरं’ म्हटलं. मुख्य नदी उतरली तर तिचीच उपनदी बघा, आणि तिथे जाण्याआधी सामान धुवायला आणि वाळवायला वेळ ठेवा. तेही जमत नसेल तर तो दिवस चालण्याचा, काठावर बसून रॅपिड वाचायचा, दोरी फेकून माणूस ओढायचा सराव करण्याचा ठेवा. दुसरी अडचण स्पर्धेची. शेजारचा सहा नद्या देतो म्हटल्यावर तुमची एक नदी कोण घेणार? सुरुवातीला कमीच लोक घेतील. पण गाड्यांचा, इंधनाचा आणि रोज बदलत्या मुक्कामांचा खर्च वाचतो, त्यातून एक प्रशिक्षक जास्त ठेवता येतो. तेच पत्रकात लिहा.

आणि लिहिताना ठोस लिहा. नदीपर्यंत यायला रेल्वे किंवा बस आहे का आणि शेवटच्या थांब्यावरून तुम्ही न्यायला येता का, हे आधी सांगा. कोणत्या महिन्यांत कोणत्या बेटांवर थांबणार नाही, पाणी किती उतरलं की नावा काढणार नाही, शौचाची व्यवस्था काय, सामान कुठे आणि कसं धुता, हेही लिहा. त्या नदीवर काही प्रकल्प येऊ घातला असेल तर तो पाहुण्यापासून लपवू नका. एवढं असलं तर पहिल्या पानावर हिरवं पान छापायची गरजच उरणार नाही.

पाणी पुरेसं नसेल तर त्या दिवशी नाव पाण्यात पडणार नाही आणि त्याचे पैसे परत मिळणार नाहीत, अशी अट घातलीत तरी मला चालेल. अर्ज पाठवा, सही करून देते.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच सहलींतली एक कयाकर